घासलेला ठसा आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा जुन्या लष्करी ट्रकांची दुरुस्ती आणि त्यांचे बाजारात न मिळणारे भाग नव्याने करून देणे, राहणार वर्कशॉपच्या मागच्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळेत घातलेले नाव सहीत येईल. एरवी मला सगळे मिस्त्री म्हणतात आणि मी त्याच हाकेला ओ देतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही. राग मात्र आलेला आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र चालते का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "राग चालतो, नशा चालत नाही." नशा मी जन्मात केलेली नाही. तेव्हा हा कागद पक्का समजावा.

लिहिण्याचे कारण असे की येत्या आठवड्यात माझ्या हृदयातली एक झडप काढून तिथे नवी बसवणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही नाही. इंजिन खोलण्याआधी मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो, म्हणून लिहून ठेवतो आहे.

वकीलबाईंनी मला बजावले होते, "मिस्त्री, कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा. का द्यायचं ते लिहीत बसू नका." त्यांचा मान राखून मी काय द्यायचे ते आधी लिहिले आहे आणि का ते लगेच त्याच्या मागे.

कलम १. राहते घर आणि घरातले सगळे सामान माझ्या पत्नीचे. मी हे देतो आहे असे म्हणायलाही मला संकोच वाटतो, कारण घर तिनेच चालवले. मी त्यात फक्त तेलाचे हात घेऊन आलो. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर दोन कार्ब्युरेटर आणि बॉल-बेअरिंगचा डबा आहे. "या घरात भांड्यांपेक्षा बोल्ट जास्त आहेत," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आली आहे. माझ्या माघारी ते तिने खुशाल बाहेर काढावेत. कार्ब्युरेटर भंगारात घालू नये, एवढीच विनंती.

कलम २. बँकेत जे असेल आणि ऑपरेशनने त्यातले जे शिल्लक ठेवले असेल, ते पत्नी आणि मुलगी यांनी सारखे वाटून घ्यावे. यावर दोघींचे भांडण होणार नाही हे मला माहीत आहे. भांडण दुसऱ्या गोष्टीवरून आहे, ते पुढे येईल.

कलम ३. लाकडी पॅटर्न, सगळे आराखडे आणि आकसाची पट्टी माझ्या मुलीला. ती पंपांच्या कारखान्यात आराखडे काढते. माझे हाताने काढलेले आराखडे बघून ती म्हणते, "बाबा, हे तुमच्याशिवाय कोणाला वाचता येणार?" आता तिलाच वाचावे लागतील. आकसाच्या पट्टीबद्दल इथे खुलासा करतो. ओतलेला धातू गार होताना आकसतो, म्हणून ज्याच्यावरून साचा घ्यायचा तो लाकडी पॅटर्न थोडा मोठा ठेवावा लागतो. ती पट्टी तेवढीच मुद्दाम मोठी केलेली आहे. दिसायला साधी आहे. तिच्यावर मी लाल रंगाने फुली मारली आहे, कारण पत्नीने एकदा त्याच पट्टीने पडद्यांचे कापड मोजून कापले आणि पडदे जमिनीवर लोळू लागले. "तुमची पट्टीसुद्धा खोटं बोलते," असे ती म्हणाली होती. पट्टी खोटी आहे, पण तशी फुली तिच्यावर आहे. सांगून केलेला खोटेपणा आणि लपवून केलेला खोटेपणा यांत फरक आहे. माझे पुढचे सगळे म्हणणे एवढेच आहे.

कलम ४. माझा स्वतःचा ट्रक, म्हणजे आमची म्हातारी, तीही मुलीलाच. अट अशी की तिला चालती ठेवावी. काचेच्या खोलीत, विटांवर चढवून, चाकांना काळे पॉलिश लावून उभी करू नये. ती मी माझ्या गुरूंकडून घेतली. त्यांना सगळे फौजी म्हणत. लष्करी वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर निकामी गाड्यांच्या लिलावात त्यांना हीच गाडी पुन्हा दिसली. गंजलेली, दारे नसलेली. त्यांनी ती दोरखंडाने ओढून घरी आणली. गावच्या शाळेतून निघून मी त्यांच्याकडे आलो तेव्हा तिच्या बॉनेटमध्ये पक्ष्याचे घरटे होते. पिल्ले उडून जाईपर्यंत फौजींनी बॉनेटला हात लावू दिला नाही. मला वाटते मी देव पहिल्यांदा तिथे पाहिला, पण हे वकीलबाईंच्या कामाचे नाही.

कलम ५. हातातली सगळी साधी अवजारे, म्हणजे कानशी, पाने, हातोडे, शेजारच्या ओतारीबुवांना. आम्हा दोघांचे एकमेकांकडे इतके काही गेलेले आहे की कोणाचे काय हे आता देवालाच ठाऊक. बुवा जे माझे म्हणून घेतील त्यातले निम्मे त्यांचेच असेल. मोठा लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा संच आणि ग्राइंडर यांचे काय करायचे ते कलम नऊमध्ये पाहावे. मध्येच उडी मारून वाचू नये. विशेषतः ज्याने हे वाचायचे आहे त्याने.

कलम ६. ठसा. माझ्या टेबलाच्या खणात पोलादाचे दोन पंच आहेत. एकाने वर्तुळ आणि आत ठिपका उमटतो. दुसऱ्याने वर्तुळ आणि आडवी रेघ. हे दोन्ही मुलीचे. फौजींनी ते मला दिले आणि अर्थ सांगितला. ठिपका म्हणजे हा भाग मूळचा नाही, नंतर केलेला आहे, पण मूळच्याइतका भार घेईल. रेघ म्हणजे नंतर केलेला आहे, गाडी चालवून दाखवण्यापुरता आहे, याच्यावर माल लादू नका. या भागातल्या प्रत्येक मेकॅनिकला ही खूण ठाऊक आहे. गाडीखाली आडवा होऊन त्याने बॅटरी मारली की त्याला कळते.

फौजी म्हणायचे, "ही गाडी पुढे कोणाच्या हातात जाईल हे तुला ठाऊक आहे का? नाही ना? मग त्याच्याशी आत्ताच बोलून ठेव." अनोळखी माणसाशी, तो जन्मायच्या आधीसुद्धा, खरे बोलायची ती सोय आहे. मी प्रत्येक भागावर ठसा मारताना मनात देवाचे नाव घेतो. कोणी हसले तरी घेतो. परवा डॉक्टरांनी मला सांगितले की नवी झडप बसवली की एक छोटे कार्ड मिळेल, ते कायम खिशात ठेवायचे. झडप कोणती, कधी बसवली, कोणी केली, सगळे त्यावर असते. मी विचारले, "कशाला?" ते म्हणाले, "पुढे दुसऱ्या डॉक्टरच्या हातात पडलात तर त्याला कळायला नको?" मी घरी येऊन मेहुण्याला ते जसेच्या तसे सांगितले. तो नखे कुरतडत बसला.

कलम ७. हे कलम म्हणजे माझे निवेदन आहे. यात मी कोणाला काही देत नाही.

माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, मिसरूड फुटल्यापासून माझ्या हाताखाली तयार झाला. हात सोन्यासारखा आहे. आमच्याकडे एक मोठे गिऱ्हाईक होते, ज्यांना मेहुणा साहेब म्हणतो, म्हणून मीही इथे साहेब लिहितो. त्यांना जुने लष्करी ट्रक जमवायचा शौक. त्यांच्या तीन टनी ट्रकचा स्टिअरिंगचा आर्म गेलेला होता. चालकाने चाक फिरवले की ते फिरणे पुढच्या चाकांपर्यंत नेणारा हा दांडा. मूळचा दांडा भट्टीत तापवून, घणाखाली ठोकून घडवलेला असतो. तसे घण आता कुठे नाहीत. मी तो अखंड पोलादातून कापून केला. दिसायला हुबेहूब. साहेबांना समोर बसवून सांगितले की रविवारी फिरवायला, मिरवायला उत्तम आहे, पण माल लादायचा नाही. त्यावर आडव्या रेघेचा ठसा मारला आणि रंगाला मेहुण्याकडे दिला.

मेहुण्याने साहेबांच्या सांगण्यावरून तो ठसा ग्राइंडरने घासला, वर पॉलिश केले आणि रंग मारून गाडीला बसवला. गाडी म्हणे पूर्ण मूळची दिसली पाहिजे होती. मला हे तेव्हा माहीत नव्हते. साहेबांचा शौक पुढे फिटला. त्यांनी ट्रक खाणवाल्यांना विकला. खाणवाल्यांच्या मेकॅनिकने गाडीखाली शिरून आर्म पाहिला, त्यावर खूण दिसली नाही, मूळचा समजला. ट्रकमध्ये खडी भरली. उतारावर आर्म तुटला.

ट्रक उंट चालवत होता. उंच आहे, केबिनमध्ये मान वाकवून बसतो, म्हणून सगळे त्याला उंट म्हणतात, तोही स्वतःला म्हणतो. गाडी बांधावर गेली आणि त्याला डावा पाय गुडघ्याखालून गमवावा लागला.

खाणवाल्यांनी मला बोलावले ते नवा आर्म करायला. मेहुणा अवजारांची पेटी घेऊन बरोबर होता. तुटलेला आर्म गोणपाटावर ठेवला होता. मी उचलला. आतल्या कडेला मी कानशीने बारीक उतार देतो, हाताला कापू नये म्हणून. तो तिथे होता. ठशाच्या जागी बोट फिरवले तर जागा गुळगुळीत.

खाणीचे शेठ म्हणाले, "मिलिटरीचा ओरिजनल पार्ट हो. त्या लांबड्याने खड्ड्यात आपटून मोडला. आता भरपाई मागतोय आणि वर तोंड करून!"

मी म्हणालो, "हा ओरिजनल नाही. हा मी केलेला आहे. यावर भार घालायचाच नव्हता."

"तुमचा कशावरून? नाव लिहिलंय का?"

"लिहिलं होतं."

"मग वाचून दाखवा की!" शेठ हसले. त्यांचा कारकून हसला.

मी मेहुण्याकडे पाहिले. तो पेटीचे झाकण लावत होता, जे आधीच लागलेले होते. "दाजी, चला," तो म्हणाला. "ऊन झालंय."

ऊन झाले होते हे खरे आहे. बाकी त्या दिवशी तिथे खरे बोलणारा मी एकटाच होतो, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त एक गुळगुळीत जागा होती.

घरी आल्यावर त्याने सगळे कबूल केले. घरात. दार लावून. "साहेब म्हणाले म्हणून केलं," म्हणाला. आणि मग उलट मलाच विचारू लागला. "दाजी, एक सांगा. ठसा घासला म्हणून पोलाद कमजोर झालं का?"

"नाही."

"मग माझा काय गुन्हा?"

"पोलादाचं काही बिघडलं नाही रे. वाचणाऱ्याचं बिघडलं."

"वाचणारा कोण? उंटाला येतो वाचता तुमचा ठसा?"

"उंटाला नसेल येत. ज्याने गाडीखाली झोपून आर्म बघितला त्याला येतो. त्याने ठसा शोधला, दिसला नाही, म्हणून त्याने गाडी पास केली. तो माणूस आज जेवत नाही, माहितीय तुला?"

पत्नी मधल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, तुमच्या एका खऱ्यापायी माझा धाकटा आत जाईल."

मी म्हणालो, "आणि त्याच्या एका खोट्यापायी उंटाला घराबाहेर पडता येत नाही."

त्यावर ती आत गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात लावली. मी तिला दोष देत नाही. तिने त्याला कडेवर वाढवला आहे. पण मला चीड येते ती याची की या घरात त्या दिवसापासून सगळे मलाच समजावतात. तब्येत सांभाळा, जाऊ द्या, झालं ते झालं. ज्याने घासला त्याला कोणी काही समजावत नाही. त्याला दुसऱ्यांदा भाजी वाढतात.

मी हे सगळे कागदावर लिहून खाणवाल्यांना दिले. त्यांच्या वकिलाने परत पाठवले. मिस्त्रीची उंटाशी ओळख आहे, म्हणून तो खोटे बोलतो, असे त्यावर उत्तर. मी! ज्याने आयुष्यात एक नवा बोल्ट मूळचा म्हणून विकला नाही! तेव्हा उरतो एकच माणूस. रंग मारण्याआधी तो ठसा माझ्याशिवाय साहेबांना आणि मेहुण्यालाच ठाऊक होता, आणि साहेब स्वतःविरुद्ध बोलणार नाहीत.

कलम ८. उंटासाठी. मी त्याला भेटायला गेलो. तोच आधी म्हणाला, "मिस्त्री, माझ्या पायाचा पार्ट कुठं मिळेल का? जुनं मॉडेल आहे, बाजारात येत नाही." मी रडलो. तो म्हणाला, "अरे, मी गिऱ्हाईक म्हणून विचारतोय, तुम्ही दुकान बंद करून बसलात!"

त्याची बायको आता त्याच खाणीच्या भटारखान्यात भांडी घासायला जाते. ज्या शेठने तिच्या नवऱ्याला बेफिकीर म्हटले, त्याच शेठच्या जेवणाची ताटे. हे मी लिहितो कारण कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवायला हवे.

डावा पाय नसला की क्लच दाबता येत नाही. म्हातारीला मी हाताने ओढायचा क्लच बसवत आहे. दांडा तयार आहे, सांधा बाकी आहे, आराखडा मुलीकडे आहे. माझ्या हातून पुरा झाला तर ठीक. नाही झाला तर तिने पुरा करावा आणि ठिपक्याचा ठसा मारावा, कारण तो दांडा भार घेणारा आहे, मी तपासला आहे. म्हातारी मुलीची राहील, पण तिला भाड्याने चालवायचे काम उंटाचे. त्याला पगार द्यावा, दया दाखवू नये. सीट मागे सरकवून घ्यावी. मान वाकवून त्याने पुष्कळ वर्षे गाडी चालवली.

कलम ९. मेहुणा. या कागदावर दोन साक्षीदार लागतात. पहिले ओतारीबुवा. दुसरा माझा मेहुणा असावा अशी माझी इच्छा आहे. साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, मजकूर वाचायची सक्ती नसते, असे वकीलबाई म्हणतात. त्याच्या बाबतीत सक्ती आहे. त्याने कलम सात वाचावे आणि मग सही करावी. सही केली तर ते निवेदन त्याच्या सहीसकट खाणवाल्यांकडे आणि जिथे जायला हवे तिथे जाईल. त्यातून वर्कशॉपवर जे काही येईल ते वर्कशॉपने भरावे. पार्ट वर्कशॉपचा होता.

वकीलबाई असेही सांगतात की साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळू नये, पुढे कटकट होते. ते मला बरेच वाटले. तेव्हा असे:

त्याने सही केली, तर या कागदातून त्याला काहीही नाही. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा संच, शेड, सगळे मुलीचे. मामाला कामावर ठेवायचे की नाही हे तिने ठरवावे. ती म्हणते, "आधी मी त्याला मनसोक्त बोलणार. मग चहा विचारणार." ते तिचे तिने पाहावे.

त्याने सही केली नाही, तर मोठा लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगचा संच त्याचा. ग्राइंडर तर खास त्याचाच. टेम्पो आणून घेऊन जावे. दुसरा साक्षीदार म्हणून मग वकीलबाईंचा कारकून सही करेल.

पत्नीने हे वाचले आणि म्हणाली, "अहो, हे उलटं नाही का झालं? खरं बोलला तर हात हलवत घरी, आणि गप्प बसला तर लेथ?"

उलटेच आहे. मुद्दाम आहे. लेथ देऊन वदवलेले खरे शेठच्या वकिलापुढे एक दिवस टिकणार नाही. तो म्हणेल, दाजीने आमिष दाखवले. ज्यात ज्याचे नुकसान आहे ते तो बोलला, तरच त्याच्यावर कोणाचा विश्वास बसेल. आणि मला स्वतःलाही तेव्हाच बसेल. त्याला मी ठसा मारायला शिकवले त्या दिवशी त्याने पहिल्याच फटक्यात वर्तुळ नेमके मधोमध उमटवले होते आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले होते. तो चेहरा मला आठवतो म्हणूनच माझा राग जात नाही. परक्यावर एवढा राग धरायला मला वेळ नाही.

कलम १०. साहेब. त्यांनी मला दिलेले भिंतीवरचे घड्याळ, ज्याच्या तबकडीवर त्यांच्या ट्रकचे चित्र आहे, ते त्यांना परत करावे. त्यांच्या सांगण्यावरून ठसा घासला गेला. शिवाय ट्रक विकताना त्यांनी मला एका शब्दाने कळवले नाही. फोन त्यांच्या खिशात असतो, तीन तीन असतात. मी त्यांना समोर बसवून सांगितले होते की माल लादायचा नाही. त्यांनी मान डोलावली होती आणि बिस्कीट पुढे केले होते. त्या बिस्किटाचाही मला आता राग येतो. पत्नी म्हणते हे मृत्युपत्रात शोभत नाही. न शोभो.

कलम ११. माझ्या मागे म्हातारीला फुले लावून तिच्यावरून मला नेऊ नये. ती माल वाहणारी गाडी आहे, पण मला तिच्यावर शेवटचे ओझे व्हायचे नाही. चार माणसांनी साधे न्यावे. जाताना कोणी देवाचे नाव घेतले तर बरे वाटेल. मोठ्याने नसले तरी चालेल. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडण्याचे काम माझ्या मुलीने करावे. अडले तर वकीलबाईंना विचारावे, पण त्या म्हणतील की थोडक्यात आटोपा. आटोपू नये.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आहे, आणि झडप नीट बसली तर शेवटचे असेलच असे नाही.

ठिकाण: वर्कशॉप, मोठ्या लेथशेजारचे टेबल.
दिनांक: सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६.

(सही)
मृत्युपत्र करणार

साक्षीदार १:
मिस्त्रींनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत, हे मी त्यांना ओळखतो म्हणून सांगतो. मजकूर वाचला नाही, चष्मा भट्टीपाशी राहिला. अवजारांबद्दल मला काही देऊ नये. साक्षीदाराला चालत नाही असे आत्ताच कळले. ती तशीही माझ्याकडेच आहेत.
(सही) ओतारी

साक्षीदार २:
दाजींनी माझ्यासमोर सही केली. मी पूर्ण वाचले, कलम सात दोनदा वाचले. ठसा होता. वर्तुळ आणि आडवी रेघ. मी पाहिला आणि मी घासला. लेथ मिळणार नाही हे मला माहीत आहे, ताईने बाहेर सांगितले आणि दाजींनी पुन्हा सांगितले.

एक गोष्ट मात्र कलम सात आणि कलम दहामध्ये चुकीची आहे. साहेबांनी मला ठसा घासायला सांगितले नव्हते. ते फक्त म्हणाले होते, "इथे हे काय आहे?" मीच म्हणालो, "साहेब, नको असेल तर काढून टाकतो, कळणारही नाही." ते म्हणाले, "तुझं तू बघ." घरी दाजींना मी त्यांच्यावर ढकलले. हे खाणवाल्यांकडे जाण्याआधी दुरुस्त करून घ्यावे. उद्या मीच घेऊन जातो.
(सही) मेहुणा

मृत्युपत्र करणाऱ्याकडून दुरुस्ती, त्याच दिवशी, दोन्ही साक्षीदारांसमोर:
वरचे वाचले. कलम सातमधले आणि कलम दहामधले "सांगण्यावरून" असलेले शब्द मी खोडले आहेत आणि दोन्ही जागी छोटी सही केली आहे. कलम पाच ओतारीबुवांच्या म्हणण्याप्रमाणे रद्द. कलम नऊमधला पहिला पर्याय लागू झाला आहे, दुसरा खोडला.

हे वाचताना मला मेहुण्याला मारावेसे वाटले. तो टेबलाच्या पलीकडे उभा होता आणि हललाही नाही. मारले नाही. साहेबांनी ट्रक विकताना मला कळवले नाही, तेवढा माझा राग त्यांच्या नावे राहील. ठशापायी जो राग मी त्यांच्यावर धरला, तो आजपर्यंत चुकीच्या माणसावर होता. तेवढा मी मागे घेतो, आणि तो कोणाच्याही नावे करत नाही.
(सही)